नासवील त्यानं उपसावी

माझ्या सासरच्या गावात कायदे दोनच. रोडवर पडलं ते गावाचं, हा एक. आणि विहीर नासवील त्यानं उपसावी, हा दुसरा. बाकीचे कायदे खालापूरला कचेरीत होते, ते तिथेच राहायचे.

पहिल्या कायद्याला राखणदार लागत नव्हता. मुंबई-पुणे हमरस्ता गावाला खेटून जायचा. लोधिवली मागे टाकली की थोड्या अंतरावर एक फसवं वळण होतं, आणि वर्षाकाठी एखादी तरी लॉरी तिथे आडवी व्हायची. आधी ड्रायव्हर-क्लीनरला बाहेर काढायचं, पाणी पाजायचं, खाटेवर घालून येईल त्या गाडीनं दवाखान्यात धाडायचं, यात गाव कधी कमी पडलं नाही. मग माल. एकदा कांद्याची लॉरी पडली तेव्हा घराघरांतून महिनाभर कांदाच शिजत होता. एकदा अंगाच्या साबणाची पडली, तर पुढे कितीतरी दिवस अख्ख्या गावाला एकच वास यायचा, लग्नात जा की मयतात जा. याला चोरी म्हणतात, असं मी नव्या सुनेच्या भोळेपणानं एकदा बोलून बसले. सासूबाई म्हणाल्या, "चोरी कुनाची गं? आमी गेलतो का लॉरी पाडाया?" मी कर्जतची, भिसेगावात वाढलेली, शाळा शिकलेली. पण यावर काय बोलावं ते शाळेत शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या कायद्याला मात्र राखणदार होता. तो म्हणजे माझे सासरे. ते गावचे पोलीस पाटील, आणि विहीर आमच्याच जमिनीत होती. आजेसासऱ्यांनी खोदलेली, काळ्या दगडात बांधलेली, वैशाखातही तळ न दाखवणारी. पाणी सगळ्या गावाला खुलं. मागच्या डोंगराच्या पायथ्याला ठाकरवाडी होती. तिथला झरा होळीनंतर आटायचा, मग वाडीच्या बायकाही आमच्याच विहिरीवर यायच्या. त्यांनी भरायचं ते गावाचं भरून झाल्यावर, एवढं मात्र होतं.

विहिरीत कुणाचं जनावर पडून मेलं, कुणी घाण केली, तर ज्याचं असेल त्यानं ती तळापर्यंत उपसून द्यायची. आणि तेवढ्यानं सुटका नव्हती. उपसल्यावर नवं पाणी पाझरलं की त्यातलं पहिलं पाणी त्याच माणसानं सगळ्या गावादेखत प्यायचं. तोवर दुसऱ्या कुणी पोहरा सोडायचा नाही. "ज्याला पेयाचं हाय त्यो नीट उपसतो," मामंजी म्हणायचे, आणि हे सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची. मलाही तेव्हा हे फार शहाणपणाचं वाटायचं.

मी लग्न होऊन आले त्याच उन्हाळ्यात वाडीवरच्या एका बाईची शेळी विहिरीत पडली. ही बाई आमच्याकडे जळणाच्या मोळ्या घालायची. घरात सगळे तिला मोळीवालीच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. शेळी पडली ते दुसऱ्या दिवशी वास आल्यावर कळलं. मामंजींनी निरोप धाडला. मोळीवाली, तिचा नवरा आणि दीर असे तिघं आले आणि दोर-बादल्यांनी विहीर उपसायला लागले. गाव चिंचेखाली बसून बघत होतं. जात्यातले रडतात, सुपातले हसतात, म्हणतात ना, तसं. कुणी सांगत होतं, जोर लाव रं. कुणी म्हणत होतं, शेळीला पोहाया शिकवायचं व्हतं. मदतीला कुणी उठलं नाही, कारण कायदाच तसा होता. तिच्या हातांना फोड आले, फुटले, तिनं त्यांना चिंध्या बांधल्या आणि पुन्हा दोर धरला.

शेवटी तळ लागला, चुना टाकला, पाणी पाझरलं. ते अजून गढूळ होतं, पांढरट. सासूबाई घरातून तांब्या घेऊन आल्या. तांब्या तिच्या हातात दिला नाही. तिनं ओंजळ पुढे केली आणि सासूबाईंनी वरून ओतलं. ती प्यायली, तोंड पुसलं आणि कुणाकडे न बघता वाडीच्या वाटेला लागली. मामंजी म्हणाले, "झालं. भरा आता." बायकांनी घागरी उचलल्या. मी पण उचलली.

त्याला काही वर्षं लोटली आणि टँकर पडला.

तेव्हा माझं दुसरं बाळंतपण नुकतंच झालं होतं. मुलगी महिन्याची होती, त्यामुळे मी घराबाहेर पडत नव्हते. फाल्गुन असावा, कारण वालाच्या शेंगा झोडून झाल्या होत्या आणि शेतं मोकळी पडली होती. भर दुपारी वळणावर धाडकन आवाज झाला. टँकर रस्त्याच्या पलीकडे, नदीच्या अंगाला घसरून आडवा झाला होता. ड्रायव्हरचा पाय मोडला होता. गावानं आपलं पहिलं काम केलं, त्याला टेंपोत घालून धाडलं. तोवर टँकरच्या फुटलेल्या तोटीतून पाण्यासारखं नितळ काहीतरी वाहायला लागलं होतं, आणि कुणीतरी ओरडलं, "रॉकेल हाय रं, रॉकेल!"

रॉकेलचे ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना सांगायला नको. रेशनच्या दुकानासमोर डबे ओळीनं ठेवून बायका दिवस घालवायच्या, आणि आपला नंबर आला की पिंप रिकामं व्हायचं. संध्याकाळी कंदिलात तेल किती आहे ते हलवून बघूनच तो लावायचा की नाही ते ठरायचं. अशा गावाच्या दारात टँकरभर रॉकेल वाहत होतं. हंडे, डबे, पिंपं, बाळाच्या अंघोळीची बादली, जे हाताला लागेल ते घेऊन गाव धावलं. एकाच्या कानाला बिडी होती. सुदैवानं ती कानालाच राहिली.

वाडीची माणसंही डबे घेऊन आली होती. त्यांना हटकलं. रोडवर पडलं ते गावाचं, वाडीचं नव्हे. हे मला सासूबाईंनीच सांगितलं, दोन डबे परसात उतरवून ठेवताना, धापा टाकत, हसत. त्या हसत होत्या ते मला अजून दिसतं. त्यांना फार आनंद झाला होता. "आता तुज्या पोरीला रातभर दिवा ठेव," म्हणाल्या.

मला त्या वासानंच मळमळायला लागलं. रॉकेलसारखा वास होता आणि नव्हताही. गोडसर, डोक्यात चढणारा, लाकडाला रंग देतात तेव्हा येतो तसा. मी म्हटलं, "आई, हे रॉकेल नाही." त्या म्हणाल्या, "बाळंतिणीच्या नाकाला कायबी लागतं." तेवढ्यात शेजारच्या घरातून किंकाळी आली. तिथल्या बाईनं ते स्टोव्हमध्ये घालून काडी लावली होती. भडका आढ्यापर्यंत गेला. तिच्या भुवया जळाल्या, केस होरपळले, आणि घरभर अशी काजळी धरली की भिंती पुढच्या दिवाळीपर्यंत काळ्याच राहिल्या.

आता सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि नेमक्या त्याच वेळी फौजदारांची जीप वळणावर येऊन उभी राहिली. ते अपघाताचा पंचनामा करायला आले होते, मामंजी त्यांच्याबरोबर रस्त्यावर होते. पण गावात बोंब उठली की पोलीस घरं तपासणार, ज्याच्याकडे माल सापडेल त्याला बेड्या घालणार. आणि आधी तपासणार कुणाचं घर? पाटलाचं. म्हणजे आमचं.

मी परसदारी मुलीला घेऊन उभी होते. सासूबाईंनी एक डबा उचलला, मग दुसरा. आमच्या परसाला लागून एक ओहळ होता. पावसाळ्यात डोंगराचं पाणी आणायचा, एरवी कोरडा, नुसता गोट्यांचा. तो विहिरीच्या वरच्या अंगानं जायचा. सासूबाईंनी दोन्ही डबे त्या ओहळात पालथे केले. गोट्यांनी ते क्षणात पिऊन टाकलं, ओलसुद्धा राहिली नाही. पाटलीणबाईंनी तिथे ओतलं म्हटल्यावर आळीतल्या बायका आपापले हंडे घेऊन तिथेच आल्या. एकामागून एक. कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. पाटलीण करील ते बरोबरच असणार.

फौजदार गावात आलेच नाहीत. रस्त्यावरच चहा पिऊन निघून गेले.

थोड्याच दिवसांत विहिरीच्या पाण्याला तो गोडसर वास यायला लागला. आधी वाटलं, भास असेल. मग पाण्यावर रंगीत तवंग दिसला. मी पाणी उकळून बघितलं, गाळून बघितलं, तुरटी फिरवून बघितलं. वास जाईना. मुलीला त्या पाण्यानं अंघोळ घातली तर अंगावर लाल चट्टे उठले. माझ्या जिवाचं पाणी झालं. मी घागर अंगणात उपडी केली आणि सासूबाईंवर ओरडले, सुनेनं सासूवर ओरडायचं नसतं तरी ओरडले. त्या संध्याकाळी त्यांनी मामंजींना सगळं सांगितलं. भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज ऐकू येत होता, मामंजींचा मात्र नाही.

विहीर बंद झाली. पाण्यासाठी पाताळगंगेवर जायचं, म्हणजे रोड ओलांडून, शेतं तुडवून, उतरून, आणि भरल्या हंड्यानं पुन्हा चढून. आयुष्यभर दारात पाणी असलेल्या सासूबाई डोक्यावर हंडे घेऊन त्या उन्हात ये-जा करायला लागल्या, कारण मी जाऊ शकत नव्हते. आणि वाडीच्या बायका तर डोंगराकडून उतरून, आमच्या विहिरीवरून पुढे, तशाच नदीवर जायच्या. त्यांनी त्या टँकरमधला थेंबही नेला नव्हता. मोळीवालीही त्यांच्यात असायची. विहिरीपाशी आली की ती थांबून आत वाकून बघायची, मग पुढे जायची.

साफ कुणी करायची, यावर मारुतीच्या देवळात बैठका झाल्या. ग्रामसेवकांनी नियम वाचून दाखवला, की पाणवठा जो दूषित करील त्यानं तो स्वखर्चानं साफ करून द्यावा. मामंजी म्हणाले, "यात नवीन ते काय? आमचा कायदा त्योच हाय." तिथवर ठीक होतं. पण करणारा कोण? माल ज्या कारखान्याकडे चालला होता त्याचा साहेब म्हणाला, माल आमच्या फाटकातून आत आलेला नव्हता, तोवर तो पाठवणाऱ्याचा. पाठवणाऱ्याचं म्हणणं, माल गाडीत चढला की तो गाडीवाल्याचा. गाडीवाला म्हणाला, गाडी माझी, पण चूक ड्रायव्हरची. आणि ड्रायव्हर पाय प्लास्टरात घालून दवाखान्यात पडलेला. म्हणजे टँकरभर विषाला धनी कोण, तर एक मोडका पाय! मला हसूही येत होतं आणि अंगाचा तिळपापडही होत होता.

शेवटी कचेरीतून दट्ट्या आला असावा, कारण कारखान्याचा साहेब पुन्हा आला, फौजदारही आले. साहेब तरुण होता, बोलायला गोड. विहिरीपाशी उभा राहून त्यानं एकच प्रश्न विचारला. टँकर पडला रस्त्याच्या खाली, नदीकडे. विहीर रस्त्याच्या वर, डोंगराकडे. आमचा माल चढ चढून इथे आला कसा?

सगळं गाव तिथे होतं. ज्यांनी ओहळात ओतलं त्या सगळ्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. फौजदार म्हणाले, "पाटील, तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते लिहितो."

मी ओटीवरून बघत होते. खरं सांगितलं तर कारखाना सुटला, आणि विहीर उपसायची गावानं. पण दोर-बादलीनं शेळी निघते, ते वरच्या गोट्यांतून झिरपणारं रसायन निघत नाही, त्याला इंजिन हवं, तळ खरवडायला हवा, ओहळातले गोटे, माती उकरून न्यायला हवी. आणि वर घरोघर चोरीचा गुन्हा. खोटं सांगितलं तर महिन्या-दीड महिन्यात प्यायला पाणी. माझ्या मुलीच्या अंगावरचे चट्टे मला दिसत होते.

मामंजींनी घसा खाकरला. "रोडखालून मोरी हाय," ते म्हणाले. "त्यातून आलं."

मोरी होती, पण तिचा उतार नदीकडे होता. कोरड्या दिवसांत ते कुणाच्या लक्षात येणार? फौजदारांनी लिहून घेतलं, मामंजींनी सही केली. साहेबानं मोरीकडे एकदा बघितलं, एकदा मामंजींकडे बघितलं. मग तोही गप्प बसला. त्यालाही प्रकरण मिटवायचं होतं. मला त्या क्षणी हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण मामंजी घरात आले ते पाय न धुताच खाटेवर जाऊन बसले. ज्या माणसाच्या शब्दावर गाव बांध घालायचं आणि बांध मोडायचं, त्या माणसानं भरल्या गावात खोटं सांगितलं होतं. आणि ते खोटं आहे हे साऱ्या गावाला माहीत होतं. आपलं ठेवायचं झाकून, एवढ्यासाठी गाव गप्प होतं.

कारखान्यानं कबूल केलं ते पाळलं. इंजिन आलं, गडी आले. विहीर उपसली, भरू दिली, पुन्हा उपसली, असं बरेच वेळा. तळ खरवडला. ओहळातले गोटे आणि माती उकरून गाड्या भरून नेली. कुठे नेऊन टाकली ते कुणी विचारलं नाही. उपसलेलं पाणी उतारानं ज्या बांधावरून गेलं तिथलं गवत पिवळं पडलं. त्याचाही धनी कुणी नव्हता.

एके दिवशी सकाळी साहेबानं येऊन सांगितलं, "झालं तुमचं काम. पाणी साफ आहे. तपासून आणलंय." गाव विहिरीभोवती जमलं होतं. मुलीचे चट्टे गेले होते, तिला कडेवर घेऊन मीही गेले होते. पाण्याला वास नव्हता, निदान मला आला नाही. तवंग नव्हता. तरी एकही घागर पुढे सरकेना. सगळे मामंजींकडे बघत होते, आणि मामंजी आपल्या वहाणांकडे.

वाडीच्या बायका नेहमीसारख्या मागे उभ्या होत्या. त्यांच्यातून मोळीवाली म्हणाली, "पयलं पानी कोन पेनार?"

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. पहिलं पाणी कुणीतरी प्यायल्याशिवाय विहीर उघडत नाही, हे तिला माहीत होतं आणि तिला हंडा भरून घरी जायचं होतं, इतकंच.

साहेबाला काही कळेना. कुणीतरी त्याला समजावून सांगितलं, की विहीर ज्यानं नासवली त्यानं आधी प्यायची आमची चाल आहे. साहेब हसला. "अहो, मी आत्ताच चहा घेतलाय," म्हणाला. काहीजण त्याच्याबरोबर हसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते तेव्हा त्या हसण्यात दिसलं. कारखान्याकडे बोट दाखवायला सगळे तयार होते. पण आपण तोंडात घोट घ्यायचा म्हणजे, हो, आम्ही ओतलं, असं म्हणण्यासारखं होतं.

सासूबाई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी पदर खोचला आणि पुढे गेल्या. मला वाटलं, तांब्या आणायला घरी निघाल्या. त्या विहिरीच्या काठाशी गेल्या, वाकल्या, आणि मोळीवालीकडे बघून त्यांनी ओंजळ पुढे केली. "घाल," म्हणाल्या.

मोळीवाली जागची हलेना. पाटलाच्या विहिरीतून पाटलीणबाईंना पाणी आपण घालायचं, हे तिच्या डोक्यात शिरत नसावं. "घाल गं," सासूबाई पुन्हा म्हणाल्या. "मी वतलंय. तुला ठावं हाय, सगळ्यांला ठावं हाय."

तिनं पोहरा सोडला, ओढला, आणि वरून ओतलं. निम्मं पाणी सासूबाईंच्या लुगड्यावर सांडलं. त्या प्यायल्या. घटाघटा नव्हे, सावकाश, ओंजळ संपेपर्यंत. मामंजींनी तोंड फिरवलं.

साहेबानं टाळी वाजवली. "बघा! बाईंना विश्वास आहे. आता बिनघोर भरा." त्याला वाटलं, त्याच्या कामाला पावती मिळाली. तो आनंदानं जीपमध्ये बसून गेला.

आणि गाव? गावानं काय केलं ते सांगते. ज्या बायकांनी ओहळात हंडे पालथे केले होते त्यांच्यातली एकही पुढे आली नाही. सगळ्या आपापल्या रिकाम्या घागरी घेऊन घरी गेल्या. गाव वाट बघत होतं. पाटलीणबाईंना काही होतंय का, त्याची. आमच्या अंगणावरून जाताना लोक मान वळवून आत बघायचे. सासूबाई भांडी घासताना दिसल्या, अंगण झाडताना दिसल्या, की तसेच पुढे जायचे. आमच्याकडे येऊन कुणी शब्द विचारला नाही. रानात एखाद्या पाणवठ्यावर आधी गाय पाजून बघतात, तसं माझ्या सासूचं त्यांनी केलं. मला त्या गावाचा इतका संताप पुन्हा कधी आला नाही.

घरात त्या संध्याकाळी जेवताना मामंजी म्हणाले, "मला बी त्येच पानी दे." सासूबाईंनी नदीवरच्या हंड्यातून पेला भरून त्यांच्यापुढे ठेवला. "तुमी नाय वतलं," म्हणाल्या. मामंजींनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "बोललो तर मीच ना." पेला तसाच ठेवून ते उठले, विहिरीवर गेले आणि एकटेच पिऊन आले. त्यानंतर गावात कुणी भांडण घेऊन आलं की ते म्हणायचे, कचेरीत जा. पुढे त्यांनी पाटीलकीही सोडली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर मोळीवाली दारात. डोक्यावर मोळी नाही, हातात काही नाही. "पाटलीणबाय बऱ्या हायती ना?" मी तिला हो म्हटलं आणि ती गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्या दिवशी माझा तोल सुटला. म्हटलं, "काय गं, अजून मेल्या नाहीत का ते बघायला येतेस? वाडीला पण पाणी भरायची घाई झाली का?"

ती बावरली. सासूबाई आतून बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "तिला बोलू नको. गाव लांबून बगतंय. ही दारात येऊन इचारतीय." मग मोळीवालीला म्हणाल्या, "पोटात मळमळतंय जरा. दुसरं कायी नाय."

ती मान हलवून निघाली. अंगणाच्या कडेला पोचली असेल, तेव्हा सासूबाईंनी तिला हाक मारली.

"तू प्याली व्हतीस, त्या शेळीच्या येळंला. तुला दुखलं व्हतं का गं?"

मोळीवाली वळली.

"दुखलं व्हतं," ती म्हणाली. "लय दुखलं. किती दीस उठलेच नाय मी."

"मग सांगितलं नायस ते?"

"कुनी इचारलंच नाय," ती म्हणाली.